अहवालाची परीक्षा कोण घेणार?

आमच्या भाट्ये गावात नारळदेखील कानाशी हलवून घेतात. प्रयोगशाळेचा अहवाल मात्र डोळे मिटून स्वीकारतात. तापलेल्या, मान ताठलेल्या लेकराला जंतूंमुळे मेंदूज्वर झाला आहे का, हे पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यावरून कळते. ते तासाभरात तपासायला घ्यावे लागते. फ्रीजमध्ये ठेवले तर नाजूक जंतू मरतात आणि अहवाल येतो, 'जंतू आढळले नाहीत'! औषध लांबले तर वाचलेले मूलही बहिरे होऊ शकते.

वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज प्रयोगशाळांना अनोळखी नमुने पाठवून त्यांची उत्तरे पडताळते. पण राष्ट्रीय मान्यताच ऐच्छिक, त्यामुळे परीक्षेला बसणे बहुधा ज्याच्या त्याच्या मर्जीवर. ती सक्तीची हवी, आणि खाणावळीच्या परवान्यासारखा तिचा निकाल भिंतीवर, पैसे भरायच्या खिडकीपाशीच लावायला हवा.