काळा किल्ला इंग्रजांचा, पण धास्ती कुणाची?



किल्ला म्हटला की आपल्याला कोरीगड आठवतो, घनगड आठवतो. उंच डोंगर, तटबंदी, वर भगवा. पण मुंबईत धारावीला एक लहानसा काळ्या दगडाचा किल्ला आहे, त्याविषयी मला लिहायचे आहे. त्याचे नाव काळा किल्ला. रीवा किल्ला असेही म्हणतात. आपल्या मुळशीतली कितीतरी माणसे मुंबईत डबे पोचवतात. धारावीतला बेस्टच्या बसगाड्यांचा काळा किल्ला आगार त्यांच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ते नाव ज्या किल्ल्यावरून पडले तो अजून उभा आहे.

वर्गात हा विषय निघाला तेव्हा काहीजण म्हणाले, "इंग्रजांचा किल्ला ना? मग आपल्याला काय त्याचं?" मला हे पटत नाही. का ते सांगतो.

पोर्तुगीजांनी १६६१ साली मुंबई इंग्लंडच्या राजाला लग्नात आंदण दिली. राजाने ती १६६८ साली वर्षाला फक्त १० पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. तेव्हा मुंबई म्हणजे बेटे होती. उत्तरेला मिठी नदी आणि माहीमची खाडी, आणि पलीकडे साष्टी. साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. म्हणून खाडीच्या अलीकडच्या काठाने इंग्रजांचा पहारा असे. पश्चिमेला माहीमचा किल्ला, पूर्वेला शीवचा, आणि मध्ये धारावीचा हा काळा किल्ला. लढाई करायला तो नव्हताच मुळी. एवढ्याशा जागेत फौज मावणार कशी? थोडे शिपाई ठेवायचे, खाडीतून कोण येतं-जातं ते बघायचं आणि वेळेवर खबर द्यायची, एवढेच त्याचे काम. आपला घनगडही लहानच. कोकणातून घाट चढून येणाऱ्या वाटांवर तो असाच डोळा ठेवून असायचा.

आता खरी गंमत ऐका. काळ्या किल्ल्याच्या भिंतीत इंग्रजीत कोरलेला एक दगड आहे. मुंबईचा गव्हर्नर हॉर्न याच्या हुकमाने हे बांधले, असे त्यावर लिहिले आहे. साल १७३७. हे साल नीट ध्यानात ठेवा. त्याच साली मराठे साष्टीत उतरले आणि त्यांनी ठाणे घेतले. दोन वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात, चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. म्हणजे काल जिथे पोर्तुगीज होते तिथे आज मराठे, आणि मध्ये फक्त खाडीचं पाणी! मुंबईच्या व्यापाऱ्यांनी घाबरून कोटाभोवती खंदक खणायला ३० हजार रुपये वर्गणी काढली. इंग्रजांनी एक कप्तान वसईला चिमाजीअप्पांकडे धाडला आणि दुसरा साताऱ्याला शाहू महाराजांकडे. इकडे गोड बोलणी चालू आणि तिकडे खाडीवर पहारा!

म्हणून मी म्हणतो, हा किल्ला इंग्रजांनी बांधला असला तरी तो आपल्याही इतिहासाचा पुरावा आहे. आपल्या बाजूचे लोक आपली थोरवी सांगणारच. पण समोरच्याने रात्रंदिवस पहारा बसवावा, ही साक्ष जास्त पक्की नाही का?

पुढे १७७४ साली इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली. दोन्ही काठ त्यांचेच झाल्यावर पहारा करायचा तरी कुणावर? १८४५ साली माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा रस्ताही झाला. मग खाडी बुजत गेली. आज समोर वांद्रे-कुर्ला संकुलाच्या उंच इमारती आहेत आणि किल्ल्याला लोकांची घरे अगदी चिकटली आहेत.

कुणी म्हणेल, ती घरे हटवा आणि किल्ला मोकळा करा. इथे मात्र थांबायला हवं. आपण मुळशीची माणसे आहोत. मुंबईला वीज पाहिजे म्हणून आपल्याकडे धरण झालं. आपली गावं, भाताची खाचरं पाण्याखाली गेली. त्याविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले. घरातून उठवलं की काय होतं हे आपल्या आज्या-पणज्यांनी भोगलंय. तेव्हा दगड वाचवायला माणसं उठवा, असं निदान आपण तरी म्हणू नये. धारावी नव्याने बांधायचे काम निघालेच आहे. त्यातच तिथल्या लोकांना तिथेच पक्की घरे द्यावीत आणि किल्ल्याभोवती थोडी जागा सोडावी. आत कचरा टाकू नये, कोरलेल्या दगडाशेजारी मराठीत पाटी लावावी. त्याला काही फार पैसा लागत नाही.

आणखी एक. मुंबईची सहल म्हणजे गेटवे, राणीची बाग, चौपाटी आणि परत. पुढच्या सहलीत काळा किल्लाही घ्यावा, अशी गुरुजींना आणि पालकांना विनंती आहे. आणि ज्यांचे वडील किंवा काका मुंबईला आहेत त्यांनी सुट्टीत येताना त्या कोरलेल्या दगडाचा फोटो आणायला सांगावं. या फलकावर खाली उजव्या कोपऱ्यात त्यासाठी जागा सोडली आहे.

— इयत्ता सातवी