‘मला माहीत नाही’वर केलेली सही

अमेरिकेत १९७८ पूर्वी बांधलेलं घर विकायला काढलं, की करारासोबत एक पान जोडावंच लागतं. वर इशारा छापलेला असतो: या घरात शिशाचा रंग असू शकतो आणि लहान मुलांना त्यापासून धोका आहे. खाली विकणाऱ्यासाठी दोन पर्याय. घरात शिशाचा रंग आहे हे मला माहीत आहे, तो अमुक ठिकाणी आहे, हा पहिला. मला याबद्दल काही माहीत नाही, हा दुसरा. न्यू जर्सीत राहायला लागल्यापासून ओळखीच्यांच्या घरविक्रीत मी हे पान अनेकदा पाहिलं आहे. खूण बहुतेक वेळा दुसऱ्याच पर्यायावर असते.

आपली कितीतरी मराठी कुटुंबं आता मॉन्टक्लेअर, मेपलवूडसारख्या गावांत जुनी घरं घेतात. न्यूयॉर्कची गाडी जवळ, शाळा चांगल्या, लाकडी जिना, उंच खिडक्या. घर शंभर वर्षांचं आहे हे कौतुकाने सांगितलं जातं. अमेरिकी सरकारच्याच अंदाजानुसार १९४० पूर्वीच्या सुमारे ८७ टक्के घरांत कुठे ना कुठे शिशाचा रंग आहे. १९६० ते १९७७ मधल्या घरांत हे प्रमाण २४ टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणजे शंभर वर्षांच्या घराचा मालक ‘माहीत नाही’वर सही करतो तेव्हा तो खोटं बोलत नसेलही, पण त्याला अंदाजही नाही असं मी मानणार नाही.

शिसं भिंतीवर नुसतं बसून असतं तोवर फारसं काही करत नाही. वर चांगला रंग चढवलेला असला, पोपडे नसले, तर तो थर वर्षानुवर्षं निमूट राहतो. खरी गोम खिडक्यांत आहे. इथल्या जुन्या खिडक्या वर-खाली सरकतात. प्रत्येक वेळी उघडताना-मिटताना लाकडावर लाकूड घासतं, रंगाची भुकटी होते आणि खालच्या खाचेत साठते. वारा आला की ती जमिनीवर. रांगतं बाळ तिथेच हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. पोटात गेलेल्या शिशातला जितका वाटा मोठ्यांचं शरीर शोषतं, त्याच्या कितीतरी पट मुलांचं शोषतं. अंगात लोह कमी असेल तर आणखीच. दिसायला काही दिसत नाही. ताप नाही, पुरळ नाही. मूल पुढे शाळेत मागे पडतं, चटकन चिडतं, लक्ष लागत नाही, आणि आपण त्याच्या स्वभावाला दोष देतो. रक्तातलं शिसं औषधाने कमी करता येतं, पण मेंदूचं झालेलं नुकसान त्याने भरून येत नाही.

हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरांनी १९०४ मध्येच लिहून ठेवलं होतं की, मुलांना होणारी ही बाधा व्हरांड्याच्या कठड्यांवरच्या रंगातून येते. १९२१ मध्ये जीनिव्हात घरांच्या आतल्या रंगकामात सफेदा, म्हणजे शिशाचा पांढरा रंग, वापरण्यावर बंधन घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर देशभर बंदी घातली ती १९७८ मध्ये. मधली सगळी वर्षं हा रंग भिंतींना लागत राहिला.

घर विकताना सांगण्याचा कायदा १९९२ चा, अंमल १९९६ पासून. विकणाऱ्याने ठाऊक असेल ते सांगायचं, जुने तपासणी अहवाल द्यायचे, सरकारी माहितीपुस्तिका हातात ठेवायची आणि घेणाऱ्याला स्वतःच्या खर्चाने तपासणी करायला दहा दिवस द्यायचे. सह्यांचे कागद तीन वर्षं जपायचे. जाणूनबुजून लपवलं तर नुकसानीच्या तिप्पट भरपाई. वाचायला कडक वाटतं. पण तपासून घ्या, असं हा कायदा विकणाऱ्याला कुठेच म्हणत नाही.

माझ्या एका मैत्रिणीने घर विकायला काढलं तेव्हा मी तिला म्हटलं, “अगं, एकदा तपासून घे ना.” ती म्हणाली, “एजंट नको म्हणतोय. एकदा रिपोर्ट हातात आला की प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवावा लागेल म्हणे.” एजंटचं कायद्याच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नव्हतं. ज्याने तपासलं त्याला सांगावं लागतं, ज्याने तपासलं नाही तो एका सहीत मोकळा. प्रामाणिक माणसाला भुर्दंड आणि डोळे मिटून घेणाऱ्याला सूट, अशी ही रचना आहे, आणि मला ती मनापासून चुकीची वाटते.

उरले ते घेणाऱ्याचे दहा दिवस. तेही लेखी सोडून देता येतात. एका घरामागे दहा-दहा लोक लागलेले असले की आपली बोली उचलली जावी म्हणून तरुण जोडपी पहिल्यांदा यावरच पाणी सोडतात. मग मूल होतं. न्यू जर्सीत प्रत्येक मुलाच्या रक्तातलं शिसं पहिल्या आणि दुसऱ्या वर्षी तपासतात, आणि तिथे आकडा वाढलेला निघाला की घराकडे बोट जातं. घराची जी तपासणी विक्रीच्या वेळी एका यंत्राने, भिंतीला ओरखडाही न काढता झाली असती, ती आपण बाळाच्या रक्तातून करतो!

याच राज्याने भाड्याच्या जुन्या घरांसाठी २०२२ पासून तपासणी सक्तीची केली. घर पाडलं नाही, भाडेकरू बदलणं थांबलं नाही. मग विक्रीच्या घराला तोच नियम का नको? शिसं सापडलं म्हणजे घर मातीमोल होत नाही. बऱ्याचदा खिडक्या बदलणं आणि सुटलेला रंग नीट बसवणं यावर काम भागतं. उलट, न तपासता विक्रीआधी घाईने भिंती कोरड्या घासून नवा रंग मारला जातो तेव्हा सगळ्यात जास्त विषारी धूळ उडते. आणि ती नव्या मालकाच्या हाती किल्ल्या जातात तेव्हा घरातच असते.

भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. त्याआधी रंगवलेली आपली घरं, वाडे, शाळा तशाच उभ्या आहेत आणि विक्रीच्या वेळी शिशाचा विषयही निघत नाही. वास्तविक १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५५ वं कलम सांगतं की, घेणाऱ्याला साध्या काळजीने सापडणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर त्याने तो सांगायलाच हवा. इथेही शब्द तोच, ‘माहीत असेल तर’.

अमेरिकेत जुनं घर बघत असाल तर ते दहा दिवस सोडू नका. बोली वाढवायची तर पैशाने वाढवा. तपासणी करणाऱ्याला खिडक्यांच्या खाचा, दारांच्या चौकटी, जिन्याचे कठडे आणि बाहेरची भिंतीलगतची माती आधी बघायला सांगा, अहवाल लेखी घ्या. राहायला गेल्यावर कोरडा झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा. घरात काम काढायचं तर शिशाच्या कामाचं प्रमाणपत्र असलेलाच कंत्राटदार बोलवा, आणि घरात कुणी गरोदर असेल किंवा रांगतं मूल असेल तर काम संपून साफसफाई होईपर्यंत त्यांना दुसरीकडे ठेवा.