जोग्लोचं छप्पर विकत मिळतं, वारा नाही

इंडोनेशियात, जावा बेटावरच्या योग्याकार्तात मी ज्या होमस्टेमध्ये उतरले होते, त्याच्या जाहिरातीत लिहिलं होतं, ‘अस्सल जुना जोग्लो, निसर्गतःच थंड’. घर खरंच जुनं होतं. मधोमध चार सागवानी खांब, त्यांच्यावर एकावर एक रचलेल्या कोरीव तुळया, वर उंच कौलारू छप्पर. फक्त चारी बाजूंना काचा बसवल्या होत्या आणि दोन एसी सकाळपासून धापा टाकत होते. दुपारी वीज गेली. वीस मिनिटांत माझा कुडता पाठीला चिकटला. सगळे पाहुणे बाहेर झाडाखाली येऊन बसले.

तेव्हापासून ‘पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, जुनी घरं आपोआप थंड असतात’ असली रील दिसली की माझं डोकं तापतं.

आधी जोग्लो काय करतो ते बघा. घराचा पुढचा भाग म्हणजे पेंडोपो, बिनभिंतींचा मंडप. शब्दाचं मूळही ‘मंडप’च मानतात. दमट हवेत घाम सुकत नाही, हे मुंबईकराला सांगायला नको. तिथे अंगाला बरं वाटायला दोन गोष्टी लागतात, डोक्यावर सावली आणि अंगावरून जाणारा वारा. पेंडोपो नेमकं हेच देतो. छपराच्या कडा खाली उतरतात, म्हणून ऊन आत येत नाही. गरम हवा उंच चढते, कौलांच्या फटींतून निघून जाते. वारा अडवायला भिंतच नाही. तिथे काच लावलीत, तर उरतं ते शोभेचं लाकूड.

आणि सगळं घर असं मोकळं नव्हतंच. पेंडोपोमागे प्रिंगितान, जिथे वायांगचे, म्हणजे चामड्याच्या सावली-बाहुल्यांचे खेळ व्हायचे. त्यामागे दालेम, घरच्यांची जागा. तिच्या टोकाला तीन खोल्या, त्यांतली मधली देवी श्रीची, भाताच्या देवतेची. ती बंद आणि अंधारी. म्हणजे पूर्वजांनी घर बांधताना मान, देव आणि धान्य यांचाही विचार केला होता, फक्त थर्मामीटरचा नव्हे. शिवाय जोग्लो हा मुख्यतः बड्या लोकांचा थाट. साध्या शेतकऱ्याच्या घराला दोन उतारांचं छप्पर आणि विणलेल्या बांबूच्या, गेधेकच्या भिंती. त्या भिंतींतून वारा झिरपतो, पण त्यांची जाहिरात कोण करणार? ती गरिबीची खूण. हातात पैसा आल्यावर लोकांनी विटा रचल्या. चोर आणि पाऊस सोसलेल्या माणसाला मी त्याबद्दल बोल लावणार नाही.

एसीवाल्यांचंही ऐकून घेऊ नका. आरामाचं जगभर वापरलं जाणारं गणित डॅनिश अभियंता फँगर यांनी १९७० मध्ये मांडलं. त्याचा पाया अमेरिकन आणि डॅनिश विद्यार्थ्यांवर बंद खोल्यांत केलेले प्रयोग. २००४ साली योग्याकार्तातल्या, एसी नसलेल्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथले लोक सुमारे २९ अंशांना ‘ना गरम, ना गार’ म्हणाले. फँगर यांच्या गणिताने त्यांना जास्त उकडायला हवं होतं.

रीलवाले इथेच टाळ्या वाजवतात. पण त्याच अभ्यासात लोकांची पसंती २६च्या आसपास होती. सोसतं आणि आवडतं यांत तीन अंशांचं अंतर आहे. गरिबाला ‘तुला सवय आहे’ म्हणायचं आणि स्वतः १८वर रिमोट ठेवायचा, याला संस्कृती म्हणत नाहीत.

मे २००६च्या भूकंपात योग्याकार्ताजवळच्या कोतागेदेतली कित्येक जुनी घरं पडली, काही विकली गेली. जोग्लोचे सांधे सुटे करता येतात, त्यामुळे खांब-तुळया ट्रकवर चढतात आणि बालीतल्या एखाद्या व्हिलात पुन्हा उभ्या राहतात. मागे राहतं अंगण. तिथे काँक्रीट उभं राहिलं की शेजारच्या घराचा वाराही जातो. वारसा वाचवला म्हणून मिरवणारे लाकूड मोजतात. घराघरांमधली मोकळी जागा मात्र कोणी मोजत नाही, आणि खरा थंडावा तिच्यात होता. वाचवायचंच असेल तर ती जागा वाचवा, झाडं वाचवा, छपराच्या कडा रुंद ठेवा, आणि वारा पडला तर खुशाल पंखा लावा.

पुढच्या वेळी कोणी ‘निसर्गतःच थंड’ घर विकायला आलं, तर एकच विचारा. वीज गेल्यावर खिडकी उघडते का?