ठराव वाचायला शिका : महाड नगरपालिका ते जालना महानगरपालिका



सप्टेंबर २०२३ पासून आपला जालना जिल्हा साऱ्या महाराष्ट्रात एका शब्दासाठी ओळखला जातो. तो शब्द म्हणजे आरक्षण. अंतरवाली सराटी हे नाव आज राज्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. चहाच्या टपरीवर, एसटीत, लग्नाच्या मांडवात, आरक्षणावर प्रत्येकाचे मत तयार असते. पण याच शब्दाचा दुसरा एक अर्थ आहे आणि त्यावर आपल्या पोरांचे काहीच मत नसते. शहराच्या विकास आराखड्यात, म्हणजे डीपीत, जमिनीवरही आरक्षण पडते. हा तुकडा शाळेसाठी, हा बागेसाठी, हा भाजी मंडईसाठी, हा कचरा डेपोसाठी, हा रस्ता रुंदीकरणासाठी. नोकरीतल्या आरक्षणाने एका घरातला एक माणूस कामाला लागतो. जमिनीवरच्या आरक्षणाने अख्खी वस्ती बसते किंवा उठते. मग पहिल्या आरक्षणासाठी रस्त्यावर उतरणारे आपण दुसऱ्या आरक्षणाचा नकाशा कधी उघडून पाहतो का?

माझे म्हणणे सरळ आहे. नगरपालिकेचा ठराव ही आपल्या चळवळीने क्षुल्लक गोष्ट मानली. "गटार, नळ, पार्किंग हे नगरसेवकाचे काम, आपले काम समाजपरिवर्तनाचे," अशी वाटणी करून आपण मोकळे झालो. त्याची किंमत आपली वस्ती आणि आपला हातगाडा मोजतो आहे. बाबासाहेबांनी अशी वाटणी कधीच केली नव्हती. पुरावा हवा असेल तर महाडला चला.

२० मार्च २०२७ ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतील. तेव्हा लाखो लोक महाडला जातील, आपणही जाऊ. पण त्या लढ्याचा अर्धाच भाग आपल्याला पाठ आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला : सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. त्यानंतर १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपल्या ताब्यातले तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले ते नगरपालिकेचा मंजूर ठराव अमलात आणायला. ओंजळ उचलली त्यामागे एक कागद होता.

विरोधकांनी त्यावर काय केले? काठ्या चालवल्या, हे आपल्याला माहीत आहे. १०८ घागरी पाणी उपसून तळे 'शुद्ध' केले, हेही माहीत आहे. पण त्यांचे खरे हत्यार वेगळे होते. ४ ऑगस्ट १९२७ ला, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेला, महाड नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला. सुरबानाना टिपणीसांसारखे सहकारी महाडमध्ये असतानाही रद्द केला. डिसेंबर १९२७ मध्ये दावा दाखल झाला की हे तळे सार्वजनिक नाहीच, खाजगी मालकीचे आहे. न्यायालयाने मनाई हुकूम दिला आणि दुसरा सत्याग्रह स्थगित करावा लागला. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. मात्र तळ्याचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडले. खाजगी मालकीचा दावा टिकला नाही, आणि 'अनादि काळापासूनची रूढी' आहे हेही उच्च न्यायालयात सिद्ध झाले नाही. काठीचा मार काही आठवड्यांत भरून आला असेल. कागदाने मात्र जवळपास दहा वर्षे खाल्ली.

नीट पाहा, त्या दाव्यातला प्रश्न काय होता? ही जागा कोणाची, ती कोणत्या वापरासाठी, आणि तिथे कोण येऊ शकतो, हे कोण ठरवणार? आज याला 'जमीन वापर' म्हणतात. महाडचा लढा पाण्याचा होता, माणुसकीचा होता, आणि जमीन वापराचाही होता.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. अंबड, परतूर, भोकरदनला नगरपरिषदा आहेत. बदनापूर, जाफराबाद, मंठा, घनसावंगी, तीर्थपुरी इथे नगरपंचायती आहेत. जालना २०२३ मध्ये महानगरपालिका झाले. या सगळ्या ठिकाणी एक वाक्य सारखे ऐकू येते : "वाहतूक कोंडी झाली, अतिक्रमण हटवा." हे वाक्य इतके निष्पाप वाटते की त्यात जात कुठे आहे, असा प्रश्न आपल्यालाच विचारला जातो.

सांगतो कुठे आहे. रस्त्यावर बसते कोण? चौकात झाडाखाली ठिय्या मांडलेला चप्पल शिवणारा. केरसुण्या, दोर विकणारे मातंग कुटुंब. टोपल्या घेऊन आलेला बुरूड, कैकाडी. खेड्यातून पहाटे भाजी घेऊन येणारी आपली बाई. फळांचा गाडा लावणारा मुसलमान. आणि रस्त्यावर उभी राहते कोणाची गाडी? चारचाकी दोन-तीन तास रस्त्याकडेला उभी असते, तिने गाड्याच्या चौपट जागा अडवलेली असते, तिला 'पार्किंगची समस्या' म्हणतात. गाड्याला 'अतिक्रमण' म्हणतात. दुकानाच्या पायऱ्या गटारावर आल्या, पत्रे फूटपाथवर आले, तर ती 'व्यापाऱ्यांची अडचण'. टोपली आली तर शिस्तीचा भंग. एकाच रस्त्यावर एकाची समस्या होते आणि दुसऱ्याचा गुन्हा होतो. समाजशास्त्रात सत्तासंबंध म्हणतात ते याहून वेगळे काही नाही.

"पण रुग्णवाहिकेला वाट नको का?" हवी. नक्की हवी. आपल्या वस्तीतल्या बाळंतिणीलाही तीच रुग्णवाहिका लागते. म्हणून तर मागणी अशी हवी की रस्ता मोजा, आणि सगळ्यांचा मोजा. दुकानाची पायरी, उभी मोटार, रिक्षा थांबा, गाडा, सगळे एकाच टेपने मोजा. टेप गाड्याजवळ सुरू होऊन गाड्याजवळच संपत असेल, तर ते वाहतूक नियोजन नव्हे.

शिवाय कायदा काय म्हणतो? पथविक्रेता अधिनियम २०१४ आपल्या किती कार्यकर्त्यांनी वाचला आहे? प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती हवी. अध्यक्ष आयुक्त किंवा मुख्याधिकारी असेल, पण किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले हवेत. त्यात एक तृतीयांश महिला, आणि अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक यांना योग्य प्रतिनिधित्व. किमान दर पाच वर्षांनी सर्वेक्षण. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. हलवायचेच असेल तर ३० दिवसांची नोटीस. जप्त केलेला नाशवंत माल मागितल्यावर त्याच दिवशी परत, इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना जागा द्यायची आहे. २०११ च्या जनगणनेत जालना शहराची लोकसंख्या २,८५,५७७ होती. हिशोब करा, सात हजारांहून जास्त होतात. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे याच कायद्याच्या अनुसूचीत लिहिले आहे की केवळ गर्दी होते या कारणाने एखादा भाग 'ना-फेरीवाला क्षेत्र' ठरवता येत नाही. ज्या कारणाखाली गाडे उचलले जातात, तेच कारण कायद्याने नाकारले आहे!

इथे एक गैरसमजही काढून टाकू. १३ नोव्हेंबर २०२४ ला न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने बुलडोझर कारवाईवर निकाल दिला. पंधरा दिवसांची नोटीस, सुनावणी, सकारण आदेश. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो खूप फिरला. पण त्यात अपवाद आहे : रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्गालगत, नदी वा जलाशय अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामांना ते निर्देश लागू नाहीत. म्हणजे गाडेवाल्याला तो निकाल दाखवून उपयोग नाही. त्याची ढाल २०१४ चा कायदा आहे. अर्धवट वाचलेला निकाल ऐनवेळी आपल्याच माणसाला तोंडघशी पाडतो.

आता जमिनीकडे वळू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६. त्याचे कलम १२७ सांगते की आराखडा लागू होऊन दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते. म्हणजे शाळेची, मैदानाची, मंडईची जागा बिल्डरच्या घशात घालायला भ्रष्टाचारच लागतो असे नाही. हात बांधून बसले तरी पुरते. "निधी नाही" एवढा एक शेरा पुरतो. मालकावर अन्याय होऊ नये म्हणून हे कलम आहे, आणि मालकाचा हक्क मी नाकारत नाही. पण त्याच गावात सरकारी जागेवर तीन पिढ्या राहणाऱ्याचे काय? मालकाला कायद्याने घड्याळ दिले, ते त्याच्या बाजूने फिरते. झोपडीला पात्रतेची तारीख दिली, ती तिच्या विरोधात वापरली जाते. जितकी वर्षे जातात तितका मालक मोकळा होतो आणि झोपडीवाला 'जुना अतिक्रमणदार' ठरतो. बाबासाहेबांनी आपल्याला खेडे सोडून शहराकडे जायला सांगितले, कारण खेड्यात जमीन त्यांची, पाणी त्यांचे, वेसही त्यांची. आपण आलो. पण शहराची वेस आता नकाशावर काढली जाते आणि ती काढताना आपण तिथे नसतो.

आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी ३० दिवस असतात. मग नियोजन समितीपुढे सुनावणी. कलम ३७ खाली मंजूर आराखड्यातही फेरबदल होतात, तेव्हाही सूचना निघते, हरकती मागवल्या जातात. ती सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरांत, सर्व्हे नंबरांच्या भाषेत येते. ज्यांच्या जमिनी आहेत त्यांचे वकील ती वाचतात. ज्यांची फक्त घरे आहेत त्यांना ती बुलडोझर आल्यावर कळते.

"सभागृहच नव्हते, कुठे बोलणार?" ही सबब काही वर्षे खरी होती. जालन्यात २०१६ ला निवडलेल्या सभागृहाची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षे प्रशासक बसला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्या, असे संविधानाचे कलम २४३-यू सांगत असताना हे घडले. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून आदेश द्यावा लागला. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या आणि १५ जानेवारी २०२६ ला महानगरपालिकेच्या निवडणुका झाल्या. आता सभागृह आहे, राखीव प्रभागातून निवडून आलेले आपले नगरसेवकही आहेत. सबब संपली.

आणि म्हणून आता आपल्याच माणसांना दोन शब्द. निवडणुकीत आपल्या वस्तीला काय देऊ केले जाते? कमान, सुशोभीकरण, चौकाला नाव. आपण खूश होतो. महापुरुषांचे नाव चौकाला हवेच, त्यासाठी आपल्या माणसांनी मार खाल्ला आहे. पण त्याच चौकातून आपल्या आईचा भाजीचा गाडा उचलला जातो तेव्हा तिथल्या फलकावर नाव कोणाचे आहे याने तिची भाजी परत मिळत नाही. नगरसेवक आपला असून हात वर करताना विषय क्रमांक कोणता हे त्याला माहीत नसेल, तर ती जागा राखीव असून रिकामीच आहे. त्याला जाब विचारणे म्हणजे समाजात फूट पाडणे नव्हे.

कामे अवघड नाहीत. प्रत्येक शहरात पाच-सहा जणांचा गट करा. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका सभेआधी मिळवा, ठराव आणि इतिवृत्त माहिती अधिकारात मागा. सभेत जाऊन बसा. डीपीचा नकाशा मिळवून त्यावर आपल्या वस्त्या रंगवा, कोणावर कोणते आरक्षण आहे ते विहारात भिंतीवर लावा. नगर पथविक्रेता समिती आहे का, शेवटचे सर्वेक्षण कधी झाले, ही दोन माहिती अर्जांची कामे आहेत. नगरपरिषदेचा ठराव बेकायदा असेल तर १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, तिथे अर्ज द्या. महानगरपालिकेच्या बाबतीत १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ४५१ खाली तो अधिकार राज्य शासनाकडे आहे. आणि हे एकट्याने करू नका. माळ्याची बाई, मुसलमान फळवाला, मातंग, कैकाडी, सगळ्यांना बरोबर घ्या. त्यांचाही गाडा त्याच ट्रॅक्टरमध्ये टाकला जातो.

२० मार्च २०२७ ला महाडला जाणाऱ्या प्रत्येक गाडीने निघण्यापूर्वी आपल्या गावच्या पालिकेत एक हरकत, एक माहिती अर्ज दाखल केलेला असावा, एवढी माझी मागणी आहे. पोच घ्यायला विसरू नका.

जयभीम! जय संविधान!