लक्ष्मीपूजनातील जुना रुपया

लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर आजही अनेक घरी पूर्वजांनी जपलेले राणीछाप, राजाछाप रुपये मांडले जातात. परंतु तत्पूर्वी चिंच लावून ते लखलखीत घासले जातात. क्वचित मोडीत घालून नवे नाणे घेतले जाते. या दोन्ही गोष्टी आम्हांस अनुचित वाटतात.

‘रुपया’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘रूप्य’. पाणिनीने तो ‘रूप’ शब्दापासून ‘ठसा उमटविलेले’ या अर्थी साधला आहे. अर्थात् रुपयाचे रुपयेपण धातूइतकेच ठशात आहे. १८३५ पासूनचा इंग्रजी अमदानीतील रुपया तोळाभर वजनाचा, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी; १९४० पासून ती निम्म्यावर आली. सराफाचा काटा एवढेच सांगतो. साल, टांकसाळीची खूण आणि अक्षरांची स्पष्टता पाहून संग्राहक जे मोल ठरवितो, ते घासण्याने झिजते व मुशीत नाहीसे होते.

म्हणून नाणे स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ वस्त्राने नुसते टिपावे. त्यावरील काळसर झाक ही वयाची खूण होय. तिला अमंगल मानू नये. ते कोणाकडून आले, हे चिठीवर लिहून सोबत ठेवावे. जुन्या मूर्तीचे नाकडोळे आपण घासून काढीत नाही. पूर्वजांच्या या लक्ष्मीसही तोच न्याय असावा.