थिल्लर गाण्यांची बाजू

गेल्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमांची निवड करायला आम्ही चार ज्येष्ठ बसलो होतो. नववी-दहावीच्या वयाची पाच मुलं आली. त्यांना 'हिगाशिमुरायामा ओंदो' बसवायचं होतं, तेही हातात लेझीम घेऊन. मी विचारलं, "ते शिमुरा केनचं?" त्यातला एक म्हणाला, "हो आजोबा, त्यांचंच. आमच्याकडे उन्हाळ्यात बॉन-ओदोरीला लावतात." मी चष्मा काढून टेबलावर ठेवला (वर्गात कुणाला नापास करायच्या आधी मी असंच करायचो) आणि म्हणालो, "दिवाळीचं व्यासपीठ आहे बाळांनो, जरा शोभेल असं काही बघा." मुलं "बरं" म्हणून गेली. कार्यक्रमात त्यांनी एका हिंदी सिनेमाच्या गाण्यावर नाच केला, टाळ्याही पडल्या. लेझीम कुठेच नव्हती. परतताना ट्रेनमध्ये मला माझे सेन्सेई आठवले आणि मी अगदीच गाढवपणा केला हे लक्षात आलं.

मी या देशात आलो 1979 साली, धातुशास्त्रात डॉक्टरेट करायला. आमचे सेन्सेई अतिशय करडे. वर्षभर त्यांच्या तोंडून मी कामाखेरीज शब्द ऐकला नव्हता. डिसेंबरात आमच्या प्रयोगशाळेची बोनेन्काई झाली, म्हणजे सरतं वर्ष विसरण्याची मेजवानी. मी तातामीवर मांडी घालून संत्र्याचा रस पीत बसलो होतो. एकाएकी सेन्सेई उठले, कोट काढला, हात सैल सोडले आणि गुडघे वाकवून, डुलत डुलत 'सूदारा बुशी' म्हणू लागले. मला गाण्यातलं अक्षरही कळलं नाही, कारण त्यातली बरीच अक्षरं निरर्थकच आहेत. पण दुसऱ्या दिवसापासून मी त्या माणसाला घाबरायचा थांबलो. या देशात मी पंचेचाळीसहून जास्त वर्षं राहिलो, त्याचं काही श्रेय त्या रात्रीलाही आहे.

दुसऱ्या पिढीतल्या वाचकांसाठी थोडं सांगतो, कारण हे गाणं तुमच्याही आईवडिलांच्या आधीचं आहे. 'सूदारा बुशी' 1961 चं. गाणारे उएकि हितोशी, 'क्रेझी कॅट्स' या विनोदी चमूतले. चमू म्हणजे मुळात जॅझ वाद्यवृंदच, युद्धानंतर अमेरिकन तळांवरच्या क्लबांत वाजवत मोठ्या झालेल्या पिढीचा. हे विनोदी लोक आधी पक्के वादक होते, हे आपण विसरतो. लय पक्की असल्याशिवाय असं अचूक डुलता येत नाही. गाणं एका नोकरदाराचं आहे. तो एकच पेला घ्यायला बसतो आणि पहाटे स्टेशनच्या बाकावर जागा होतो. बोनस मिळतो तो घोड्यांवर उधळतो. आपलं चुकतंय हे त्याला पक्कं ठाऊक आहे आणि सुटत मात्र काहीच नाही. देश दिवसरात्र राबून उभा राहत होता, त्या काळात हे गाणं सगळा देश म्हणत होता. शब्द आओशिमा युकिओ यांचे. हेच गृहस्थ पुढे 1995 साली तोक्योचे गव्हर्नर झाले.

गंमत अशी की उएकि स्वतः दारू न पिणारे, स्वभावाने गंभीर. असलं गाणं म्हणायची त्यांना लाज वाटत होती. त्यांचे वडील जोदो शिन्शू पंथाचे भिक्षू, तेही साधेसुधे नव्हेत. युद्धाला विरोध केला म्हणून तुरुंगात गेलेले, जपानमधल्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या बुराकु लोकांच्या बाजूने उभे राहिलेले. अशा बापाला हे गाणं कसं ऐकवायचं? उएकिंनी ते ऐकवलं, आणि वडील रागावले नाहीत. उलट यात शिन्रानच आहे, असा कौल त्यांनी दिला. शिन्रान म्हणजे तेराव्या शतकातले, या पंथाचे प्रवर्तक. आपण दुबळे आहोत, कळूनही आपल्या हातून सुटत नाही, हे ज्याला उमगलं त्याच्याच सर्वांत जवळ अमिताभाची करुणा असते, अशी त्यांची शिकवण. वडिलांना ती दारूच्या गाण्यात दिसली. मुलगा मग बिनघोर गायला.

हे वाचताना तुम्हाला पैठणचे नाथ आठवले नाहीत, तर मला नवल वाटेल. विंचवाच्या भारुडात ओरडणाऱ्या माणसाला आपण चारशे वर्षं हसतो आहोत, आणि ते भारूड देवळात चालतं. त्याला कुणी थिल्लर म्हणत नाही. आता मात्र आपण सभागृह भाड्याने घेतो, पाहुणे बोलावतो आणि एकदम सोवळं नेसतो.

आता शिमुरा केन. हिगाशिमुरायामा हे तोक्योच्या पश्चिमेचं गाव, शिमुरांचं जन्मगाव. 'ओंदो' मूळचं 1963 चं, गावाची थोरवी सांगणारं सरळ बॉन-नृत्याचं गाणं. 1976 मध्ये शिमुरांनी दूरदर्शनवर त्याला स्वतःची धांदरट कडवी जोडली आणि देशभरातली पोरं ती ओरडत सुटली. गावाने काय केलं? आभारपत्र दिलं, स्टेशनजवळ त्यांच्या नावाने केयाकीची तीन झाडं लावली. शिमुरा मार्च 2020 मध्ये करोनाने गेले, आणि पुढच्या वर्षी स्टेशनबाहेर किमोनोतला त्यांचा पुतळा उभा राहिला. त्यांचे वडीलही शिक्षक, घरात कडक शिस्तीचे. ते टीव्हीवरच्या विनोदाला मात्र हसायचे, हे पाहून आपण या वाटेला लागलो, असं शिमुरा सांगत.

सगळंच थोर आहे असा माझा दावा नाही. पिकोतारोचं पेन-सफरचंद-अननस 2016 मध्ये जगभर गाजलं. पंचेचाळीस सेकंदांचं ते गाणं बिलबोर्डच्या पहिल्या शंभरांत आलं. माझ्या मते ती हुशारी आहे, पण दुसऱ्यांदा ऐकवत नाही. (2020 मध्ये त्यांनी त्याच चालीवर पोरांना हात धुवायला लावले, तेवढं पुण्य त्यांच्या खाती मांडतो.) आणि एक गोष्ट मला खरोखर खटकते. 'डाउनटाउन'च्या हामादांनी 1995 मध्ये कोमुरो तेत्सुयांच्या चालीवर दमलेल्या कामगार माणसाचं गाणं म्हटलं, त्याच्या वीस लाखांवर प्रती खपल्या, आणि ते आजही मला आवडतं. हेच हामादा 2017 च्या वर्षअखेरच्या कार्यक्रमात तोंड काळं रंगवून एका कृष्णवर्णीय नटाची नक्कल करत आले. सावळी कातडी घेऊन इथे शाळेत गेलेल्या आपल्या मुलांना हे मी समजावून सांगायला नको. दोन हसण्यांतला फरक त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळतो. शिमुरा नाचतात तेव्हा हसू शिमुरांवर असतं, त्यांच्या गावातलं कुणी खाली पडत नाही.

म्हणून माझं म्हणणं निवड समितीपुढे मांडतो, स्वतःसकट. आपण मुलांकडे मराठी मागतो, ती देतात. अभंग पाठ करतात, नऊवारी नेसतात. ज्या भाषेत ती खदखदून हसतात, ती मात्र सभागृहाच्या दाराशी चपलांबरोबर ठेवायला सांगतो. मग ती त्या अर्ध्या आयुष्याबद्दल आपल्याशी बोलणं सोडून देतात. आपण म्हणतो, मुलं दूर गेली. गेल्या वर्षीच्या त्या पाचांपैकी दोघं यंदा तालमीकडे फिरकलेलीच नाहीत. एकाला मी फोन केला. "परीक्षा आहे आजोबा," म्हणाला. परीक्षा फेब्रुवारीत आहे.

मी यंदाच्या समितीला लेखी कळवलं आहे की 'ओंदो' घ्यावं, दहा मिनिटं द्यावीत, आणि दिवाळी फराळाच्या आधी घ्यावं, म्हणजे आजीआजोबा निघून जाणार नाहीत. लेझमी माझ्याकडे सहा आहेत, पुण्याहून आणलेल्या, एकीची साखळी सैल आहे. शिमुरांचा कमरेतून हंसाची मान निघालेला तो बॅलेचा पोशाख मात्र नको, यावर समितीचं आणि माझं एकमत आहे. त्या दोघांना मी येत्या रविवारी पुन्हा फोन करणार आहे.