ग्रंथपालाला शिकवा, एजंटचे पैसे वाचवा

अनसिंगमध्ये मसाला कांडप टाका नाहीतर पापड उद्योग, अनेकांचा पहिला खर्च कशावर होतो? एजंटवर! उद्यम नोंदणी 2020 पासून ऑनलाइन आहे, तीही मोफत. तरी आपण पैसे मोजतो.

माझं स्पष्ट मत आहे, ही मदत वाचनालयात मिळायला हवी. 1967 च्या कायद्यानुसार शासनमान्य वाचनालयांना अनुदान मिळतं. ग्रंथपालांना प्रशिक्षणात वर्गीकरण, तालिकीकरण शिकवतात. शिकवाच. पण दोन दिवस उद्यमचा फॉर्म, मुद्रा कर्जाचे कागद, पेपरातली निविदा यांनाही द्या ना! (आणि हो, काम वाढवताय तर मानधनही वाढवा.)

तुम्ही उद्याच वाचनालयात जा. पेपर वाचून झाला की ग्रंथपालांना विचारा, "साहेब, उद्यमचा फॉर्म भरायला मदत कराल का?"